रामबाणाच्या शोधात : पाउल एर्लिख

रामबाण हा शब्द आपण मराठीत फार सैल हाताने वापरतो. खोकल्यावर अडुळसा रामबाण, पित्तावर कोकम रामबाण, आणि जत्रेत मलमाच्या डब्या विकणारा तर एकाच डबीत सतरा रोगांवरचा रामबाण भरून देतो! पण या शब्दामागची मूळ कल्पना पाहिली तर ती मोठी कठीण आहे. रामाचा बाण लक्ष्यावर बसतो, एवढेच तिचे म्हणणे नाही. तो लक्ष्यावरच बसतो, वाटेतल्या कोणालाही ओरखडा न काढता. औषधाच्या बाबतीत याचा अर्थ असा होतो, की शरीरात गेल्यावर त्याने रोग तेवढा गाठावा आणि रोग्याच्या निरोगी अवयवांना हातही लावू नये. असे औषध या जगात असू शकेल काय?

एका जर्मन वैद्याने हा प्रश्न शब्दशः घेतला आणि त्यापायी उभे आयुष्य वेचले. जर्मन लोककथांमध्ये कधीही न चुकणाऱ्या गोळ्या झाडणाऱ्या एका शिकाऱ्याची गोष्ट आहे. या वैद्याने आपल्या मनातल्या औषधाला तेच नाव दिले, जादूची गोळी. त्यांचे नाव पाउल एर्लिख. आज आपल्या खेड्यापाड्यांतही घरात कोणाला कर्करोग झाला की जो शब्द दबक्या आवाजात उच्चारला जातो, तो केमोथेरपी हा शब्दही त्यांनीच वैद्यकाला दिला.

कलाशाखेच्या वार्षिकात हे कशाला, असे कोणी विचारील. एक तर एर्लिख यांचे चरित्र कोणत्याही कादंबरीइतकेच वाचनीय आहे. दुसरे म्हणजे, त्यांनी सुरू केलेली गोष्ट हिंडत फिरत आपल्या भोर-वेल्ह्याच्या घाटमाथ्यावरच्या एका झाडापर्यंत येते. त्या झाडापाशी आपण शेवटी जाऊच.

पाउल एर्लिख यांचा जन्म १४ मार्च १८५४ रोजी श्ट्रेलेन या लहानशा गावी एका ज्यू कुटुंबात झाला. हे गाव तेव्हा प्रशियाच्या सायलेशिया प्रांतात होते, आज ते पोलंडमध्ये आहे. वडील इस्मार यांची खाणावळ आणि मद्याची भट्टी होती. आई रोझा वायगर्ट घराण्यातली. या आजोळच्या घराण्यातला कार्ल वायगर्ट हा एर्लिख यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा मावसमामेभाऊ पुढे नामांकित विकृतिशास्त्रज्ञ झाला आणि त्यानेच पाउलला एका नव्या व्यसनाची दीक्षा दिली. ते व्यसन म्हणजे रंग.

हा काळ लक्षात घेतला पाहिजे. १८५६ साली इंग्लंडमध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या मुलाला कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग सापडला आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत जर्मनीत कृत्रिम रंगांचे कारखानेच कारखाने उभे राहिले. हे रंग होते कापडासाठी. पण ते सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशींनाही चढतात, आणि एकेक रंग पेशीचा एकेक भागच निवडून घेतो, हे ज्यांना दिसले त्यांच्यापैकी वायगर्ट एक होता. अभ्यासक्रम बाजूला ठेवून पाउल याच नादाला लागले. ब्रेस्लाउ, स्ट्रासबुर्ग, फ्रायबुर्ग, लाइपझिग अशी चार विद्यापीठे त्यांनी पालथी घातली, पण कुठेही आदर्श विद्यार्थी म्हणून त्यांचे नाव झाले नाही. स्ट्रासबुर्गला त्यांचे टेबल सतरा रंगांच्या डागांनी भरलेले असे आणि प्राध्यापक वाल्डायर यांनी त्यांना त्यांच्या नादात सोडून दिले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. ब्रेस्लाउला रॉबर्ट कॉख आले असताना त्यांना हा विद्यार्थी दाखवण्यात आला, तो रंग चढवण्यात पटाईत आहे पण परीक्षा काही पास होणार नाही, या शेऱ्यासह! आमच्या वर्गातल्या काही मित्रांना हे वाचून धीर येईल. मात्र एर्लिख १८७८ साली लाइपझिगची पदवी घेऊन बाहेर पडले आणि त्यांचा प्रबंध होता तो रंगांवरच.

रंगांच्या या वेडामागे एक प्रश्न होता. विद्यार्थिदशेत त्यांच्या वाचनात शिशाच्या विषबाधेवरचे एक पुस्तक आले. शिसे पोटात गेले म्हणजे ते सगळ्या अवयवांत सारखे पसरत नाही, काही अवयव ते जास्त धरून ठेवतात, असे त्यात दाखवले होते. मग कोणताही पदार्थ शरीरात गेल्यावर नेमका कुठे जातो? एका जागी का चिकटतो आणि दुसऱ्या जागी का नाही? शिसे डोळ्यांना दिसत नाही, पण रंग दिसतो. म्हणून रंग हे एर्लिख यांचे टेहळे झाले. त्यांचे पुढचे सगळे आयुष्य या एका प्रश्नाभोवती फिरते, असे मला वाटते. रोग बदलले, शहरे बदलली, प्रश्न तोच राहिला.

पदवीनंतर ते बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात प्राध्यापक फ्रेरिक्स यांच्या हाताखाली लागले. फ्रेरिक्स उदार गृहस्थ होते, त्यांनी या तरुणाला हवे ते करू दिले. रक्ताच्या थेंबावर निरनिराळे रंग चढवून एर्लिख यांनी पांढऱ्या पेशींच्या जाती वेगळ्या केल्या. आज भोरच्या एखाद्या छोट्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासून पांढऱ्या पेशींची टक्केवारी लिहून देतात, त्या तपासणीचा उगम इथे आहे. १८८२ च्या मार्चमध्ये कॉख यांनी क्षयाचा जंतू जगापुढे मांडला तेव्हा श्रोत्यांत एर्लिख होते. त्या रात्रीपासून ते त्या जंतूला अधिक चांगला रंग देण्याच्या मागे लागले. असे सांगतात, की रंगवलेल्या काचा वाळाव्यात म्हणून त्यांनी त्या थंड पडलेल्या शेगडीवर ठेवल्या, सकाळी कामवालीने न पाहताच शेगडी पेटवली, आणि त्या उष्णतेने जंतूंवर रंग पक्का बसला. गोष्टीत मीठमसाला किती हे कोण सांगणार, पण क्षयाचा जंतू रंगवण्याची सुधारलेली रीत एर्लिख यांचीच, यात वाद नाही. दुसऱ्याच वर्षी हेडविग पिंकुस या एकोणीस वर्षांच्या मुलीशी त्यांचा विवाह झाला. पुढे त्यांना स्टेफानी आणि मारियान या दोन मुली झाल्या.

या बर्लिनच्या काळातला एक प्रयोग मुद्दाम सांगण्यासारखा आहे. एर्लिख यांनी जिवंत प्राण्यांच्या रक्तात रंग टोचले. काही वेळाने पाहावे तो यकृत, मूत्रपिंड, स्नायू, सगळे रंगलेले, आणि मेंदू मात्र पांढराच्या पांढरा! रंग रक्तातून सर्वत्र हिंडत असूनही मेंदूत शिरला नव्हता. मेंदूभोवती एक अदृश्य कुंपण आहे हे पुढे इतरांनी सिद्ध केले. पण रक्तात घातलेली वस्तू सगळीकडे पोचतेच असे नाही, ही गोष्ट १८८५ च्या सुमारास एर्लिख यांच्या डोळ्यांसमोर उघड झाली होती. औषध चांगले असणे वेगळे आणि ते जागेवर पोचणे वेगळे.

फ्रेरिक्स यांच्या मृत्यूनंतर आलेल्या प्रमुखांशी त्यांचे जमले नाही. १८८८ साली आणखी एक घाव बसला. ज्या जंतूला त्यांनी रंगवले तोच त्यांना स्वतःच्या थुंकीत सापडला. हवापालट म्हणून पतिपत्नी इजिप्तला गेली आणि वर्षभराने एर्लिख बरे होऊन परतले. नोकरी नव्हती. भाड्याच्या लहानशा जागेत स्वतःच्या खर्चाने ते काम करू लागले. पुढे कॉख यांनी त्यांना आपल्या नव्या संस्थेत जागा दिली.

इथून पुढची दहा-बारा वर्षे प्रतिकारशक्तीच्या संशोधनाची आहेत. घटसर्पावरचा एमिल बेरिंग यांचा रक्तरस कधी गुण देई, कधी देत नसे, कारण त्याची ताकद मोजण्याचे मापच नव्हते. ते माप एर्लिख यांनी ठरवले, आणि हजारो मुलांचे प्राण वाचवणारे औषध भरवशाचे झाले. त्यातून मिळालेल्या पैशावरून आणि मानावरून बेरिंग आणि त्यांच्यात कायमचे वितुष्ट आले, हे दुर्दैव. पेशींच्या अंगावर निरनिराळ्या आकड्या असतात आणि विष किंवा औषध आपापल्या जोडीच्या आकडीतच अडकते, असा सिद्धान्त त्यांनी १८९७ मध्ये मांडला. कुलपाला किल्ली, तसे. १८९९ मध्ये फ्रँकफुर्टला त्यांच्यासाठी खास संस्था उघडली आणि १९०८ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक त्यांना रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांच्यासह विभागून मिळाले. दुसरा कोणी असता तर इथे समाधानाने थांबला असता!

माणूस मोठा विक्षिप्त होता. दिवसाला पंचवीस सिगार हा त्यांचा आहार, जेवणाची आठवण दुसऱ्यांनी करून द्यायची. सिगारचा डबा काखेत मारून ते रस्त्याने चालत. त्यांच्या खोलीत खुर्च्या, सोफा, जमीन, सगळीकडे पुस्तकांचे आणि कागदांचे ढीग, पाहुण्याने बसायचे कुठे हा प्रश्नच असे. सहायकांना रोजचे काम ते रंगीत कागदाच्या चिटोऱ्यांवर लिहून देत आणि त्याबरहुकूम काम झाले नाही तर भडकत. घरातल्यांचे वाढदिवस विसरू नयेत म्हणून स्वतःच स्वतःला पोस्टकार्ड टाकत. करमणूक म्हणाल तर गुप्तपोलिसी कथा आणि रस्त्यावरच्या वादकाच्या पेटीचे सूर. संगीतातली त्यांची अभिरुची एवढीच होती, आणि त्याबद्दल त्यांना मुळीच संकोच वाटत नसे.

आता जादूच्या गोळीकडे येऊ. त्यांची विचारसरणी सरळ होती. एखादा रंग जर जंतूलाच चिकटतो आणि शेजारच्या पेशीला नाही, तर त्या रंगाच्या पाठीवर विष बांधून पाठवले तर? १८९१ साली त्यांनी मिथिलीन ब्लू हा निळा रंग हिवतापाच्या दोन रोग्यांना देऊन पाहिला होता आणि त्यांना बरे वाटले होते. १९०४ मध्ये जपानी सहकारी शिगा यांच्याबरोबर त्यांनी एक तांबडा रंग शोधला, तो उंदरांमधल्या एका जातीच्या परोपजीवी जंतूला मारी. मग सोमलाकडे, म्हणजे आर्सेनिककडे, त्यांचे लक्ष गेले. गेऑर्ग श्पायर या बँकरच्या विधवेने, फ्रान्झिस्का श्पायर यांनी, पतीच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून १९०६ मध्ये खास रसायनोपचारासाठी प्रयोगशाळा उभी राहिली. तिथे बेर्टहाइम या रसायनज्ञाच्या हातून सोमलाची शेकडो संयुगे तयार होऊ लागली. प्रत्येकाची एकच कसोटी होती. जंतू मारायला किती लागते आणि रोगी मारायला किती? या दोन मात्रांमधले अंतर जेवढे मोठे, तेवढा बाण रामाच्या बाणाच्या जवळ.

६०५ वेळा अपयश आले आणि ६०६ व्या वेळी यश मिळाले, ही गोष्ट बक्षीस समारंभांच्या भाषणांत हमखास ऐकू येते. खरी हकीकत जास्त शिकवण्यासारखी आहे. ६०६ हा नोंदवहीतला क्रमांक, आणि ते संयुग १९०७ मध्येच तयार झाले होते. एका सहायकाने ते तपासून निरुपयोगी म्हणून बाजूला ठेवले होते! १९०९ मध्ये टोकियोहून साहाचिरो हाता हे जपानी डॉक्टर आले. सशांना उपदंशाची लागण करून त्यांवर प्रयोग करण्यात त्यांचा हातखंडा होता. एर्लिख यांनी त्यांना सांगितले, जुनी सगळी संयुगे पहिल्यापासून पुन्हा तपासा. हाता यांनी निमूटपणे तपासली. ६०६ टोचलेल्या सशाच्या जखमेत दुसऱ्या दिवशी एकही हालता जंतू दिसेना.

उपदंश, ज्याला आपल्याकडे गरमी म्हणतात, हा त्या काळचा केवढा मोठा शाप होता याची आज कल्पना येणार नाही. बापाकडून आईला, आईकडून पोटातल्या पोराला, आणि शेवटी वेड नाहीतर लुळेपण. उपाय एकच, पारा. त्याने तोंड येई, दात हलत, रोगी लाळ गाळत बसे, आणि रोग जाईच असे नाही. १९ एप्रिल १९१० रोजी वीसबाडेनच्या वैद्यक परिषदेत ६०६ ची घोषणा झाली तेव्हा साऱ्या जगातून मागणी आली. एर्लिख यांनी घाई केली नाही. सुमारे ६५,००० मात्रा डॉक्टरांना फुकट वाटून त्यांचे अनुभव मागवले, आणि मगच वर्षाच्या अखेरीस हेक्स्ट कारखान्याने सॅल्व्हरसन या नावाने ते विक्रीला काढले.

बाण लागला होता. पण तो सोडणे फार अवघड! सॅल्व्हरसनची पूड हवा लागली की बिघडे, म्हणून ती बंद काचनळीत ठेवावी लागे. ती पाण्यात धड विरघळत नसे. टोचायच्या आधी डॉक्टरने तिचे द्रावण बेताने तयार करायचे, आणि त्यात चूक झाली तर हात सुजे, मांस सडे, क्वचित रोगी दगावे. दोष कितीदा औषधाचा आणि कितीदा टोचणाऱ्याचा, हे ठरवत बसण्यात एर्लिख यांची प्रकृती ढासळली. जास्त विरघळणारे निओसॅल्व्हरसन १९१२ मध्ये आले, त्याचा क्रमांक ९१४. ते थोडे कमी गुणकारी, पण देण्यास सोपे. म्हणजे पहा, उपाय सापडला तरी तो पोचवायचा कसा, हा प्रश्न त्यांच्या मानगुटीवरून उतरला नाही.

विरोधकांनी दुसरीकडून हल्ला केला. हे औषध म्हणजे पैसे उकळण्याचा धंदा आहे, इस्पितळात असहाय स्त्रियांवर त्याची बळजबरी होते, असे आरोप वर्तमानपत्रांतून झाले. त्यांत ज्यूद्वेषाचे विषही पुरेपूर होते. जून १९१४ मध्ये फ्रँकफुर्टच्या न्यायालयात अब्रुनुकसानीचा खटला चालला. एर्लिख यांना साक्षीला उभे राहावे लागले. आरोप करणाऱ्याला वर्षाची शिक्षा झाली. पण साठ वर्षांच्या त्या थकलेल्या माणसाला त्या निकालाने काय मिळाले असेल?

आणि कर्करोग? चरित्रकार या प्रकरणावरून बहुधा घाईने पुढे जातात, कारण इथे यशाची कथा नाही. फ्रँकफुर्टला असताना कर्करोगाच्या संशोधनासाठी त्यांना वेगळा निधी मिळाला होता. हुगो आपोलांट यांच्यासह त्यांनी उंदरांच्या स्तनातल्या गाठी काढून एका उंदरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात रुजवल्या. तोवर कर्करोगाचा अभ्यास बहुतांशी मेलेल्या रोग्याच्या शरीरावर होई. आता तो जिवंत प्राण्यात, हवा तेव्हा करता येऊ लागला. पण जादूची गोळी काही मिळाली नाही. जंतू हा परका असतो, त्याच्या अंगावरची आकडी वेगळी असते. कर्करोगाची पेशी आपल्याच घरातली. घरच्याच माणसाने वैर धरले तर बाणाने ओळखायचे कोणाला? या रोगापुढे एर्लिख यांनी जवळजवळ हात टेकले होते.

महायुद्ध सुरू झाले आणि त्यांचे परदेशी सहकारी, मित्र, पत्रव्यवहार सगळे तुटले. १९१४ च्या अखेरीस त्यांना पक्षाघाताचा सौम्य झटका आला आणि २० ऑगस्ट १९१५ रोजी बाड होम्बुर्ग येथे विश्रांतीसाठी गेले असताना त्यांचे निधन झाले. नाझी राजवटीत फ्रँकफुर्टमधल्या रस्त्याचे त्यांचे नाव पुसण्यात आले आणि वृद्ध हेडविग यांना देश सोडावा लागला. १९४८ मध्ये त्या अमेरिकेत वारल्या. त्याच जर्मनीने नंतर २०० मार्कच्या नोटेवर एर्लिख यांचे चित्र छापले. असो.

पण त्यांच्या उंदरांची गोष्ट संपली नव्हती. त्या गाठींचा वंश प्रयोगशाळांतून चालत राहिला. १९३२ मध्ये दोन संशोधकांनी त्या पेशी उंदराच्या पोटाच्या पोकळीत सोडल्या, तेव्हा त्या तिथल्या पाण्यात सुट्या सुट्या वाढू लागल्या आणि उंदराला जलोदर झाला. एर्लिख यांच्या नावाने ओळखला जाणारा हा पोटातला कर्करोग आजही भारतातल्या कितीतरी प्रयोगशाळांत नव्या औषधांची परीक्षा घेण्यासाठी वापरतात. पेशी पोटात, औषधही पोटातच टोचायचे.

माणसाच्या पोटातही असेच घडते. आतडी, जठर, यकृत यांना वेढणारा एक पातळ, ओलसर पडदा असतो, त्याला उदरावरण म्हणतात. उलगडून पसरला तर तो आपल्या अंगावरच्या कातडीएवढा भरेल. बायकांच्या बीजांडकोशाचा कर्करोग बहुधा या पडद्यावर पसरतो. पेशी सुटतात आणि मोहरी फेकावी तशा सगळीकडे रुजतात. दुखत नाही म्हणून बाई अंगावर काढते, आणि पोट फुगले की मग मुंबईच्या टाटा रुग्णालयाची वाट धरतात. शिरेतून दिलेले औषध या मोहऱ्यांपर्यंत थोडेच पोचते, आणि केस, तोंड, रक्त यांची मात्र धूळधाण करते. मग औषध नळीने सरळ पोटातच का सोडू नये? १९७८ मध्ये अमेरिकन संशोधकांनी गणिताने दाखवले की अशाने पोटात औषधाची तीव्रता रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट ठेवता येईल. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, गाठी शस्त्रक्रियेने काढल्यावर पोटातूनही औषध दिलेल्या स्त्रियांचे मध्यक आयुर्मान ६५.६ महिने भरले, नुसत्या शिरेवाटे औषध घेतलेल्यांचे ४९.७ महिने. सोळा महिन्यांचा फरक! घरात लहान मुले असलेल्या आईला सोळा महिने म्हणजे काय, हे सांगायला नको. पण त्याच चाचणीत पोटातले सहाही हप्ते पुरे करू शकलेल्या स्त्रिया होत्या शंभरात ४२. पोटदुखी, जंतुसंसर्ग, नळीचा त्रास यांनी बाकीच्यांना मध्येच थांबावे लागले.

शिवाय दुसरी अडचण. औषधाचे रेणू लहान. उदरावरणातल्या केसासारख्या रक्तवाहिन्यांत ते काही तासांत शिरतात आणि निघून जातात. म्हणजे पुन्हा एर्लिख यांचाच प्रश्न: पदार्थ शरीरात जातो कुठे? याला सध्याचे एक उत्तर म्हणजे नॅनोकण. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. डोक्याचा केस ८०,००० नॅनोमीटरच्या आसपास जाड असतो, आणि हे कण साधारण शंभर नॅनोमीटरचे. चरबीच्या किंवा प्रथिनाच्या अशा कणात औषध भरले की ते त्या रक्तवाहिन्यांत सहज शिरू शकत नाही. त्याला श्वासपटलाखालच्या लसिकावाहिन्यांच्या लांबच्या वाटेने जावे लागते, म्हणून पोटात जास्त वेळ टिकते आणि हळूहळू पाझरते. कण फार मोठे केले तर ते तळाशी बसतात, सूज येते, आतडी एकमेकांना चिकटतात. म्हणून हे मधले माप. कणाच्या अंगावर फॉलिक आम्लासारखी किल्लीही बसवता येते, कारण बीजांडकोशाच्या कर्कपेशींवर त्या कुलुपांची दाटी असते. ही कुलुपे एर्लिख यांच्या १८९७ च्या सिद्धान्तातली! औषधासाठी असे कण बनवण्याच्या कामात अग्रणी असलेले झ्युरिकचे प्राध्यापक पेटर श्पायझर यांच्या डोळ्यांपुढे एर्लिख यांची जादूची गोळीच होती. मात्र फार हुरळून जायला नको. उंदरांत हे छान जमते. माणसांत पोटातल्या नॅनोकणांच्या चाचण्या अजून लहान लहान आहेत, आणि औषध गाठीत शिरते ते पृष्ठापासून काही मिलिमीटरच.

आता ते झाड. नंदुरबारला १९२५ मध्ये जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात शिकलेले मनसुख वाणी अमेरिकेत मन्रो वॉल यांच्याबरोबर वनस्पतींतून कर्करोगावरची औषधे शोधत होते. २०२० साली ते वारले. या दोघांनी दोन औषधे जगाला दिली. एक टॅक्सॉल, १९७१ चे. ते पाण्यात विरघळेना म्हणून एरंडेलापासून केलेल्या द्रवात घालून देत, आणि त्या द्रवाचाच रोग्यांना त्रास होई. २००५ पासून ते मानवी रक्तातल्या प्रथिनाच्या १३० नॅनोमीटर कणांत बांधून देता येऊ लागले. दुसरे कॅम्प्टोथेसिन, १९६६ मध्ये एका चिनी झाडात मिळालेले. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या एका झाडात दाखवले. ते झाड नरक्या.

कॅम्प्टोथेसिनचीही तीच रड. पाण्यात विरघळत नाही. विरघळावे म्हणून त्याचा क्षार करून १९७० नंतर रोग्यांना दिला, तर गुण थोडा आणि मूत्राशयातून रक्तस्राव. प्रयोग बंद करावे लागले. पुढे त्यात फेरफार करून दोन औषधे निघाली. त्यांपैकी टोपोटेकॅन १९९६ पासून बीजांडकोशाच्या कर्करोगावर वापरतात. दुसरे इरिनोटेकॅन, ते चरबीच्या नॅनोकणांत भरून स्वादुपिंडाच्या कर्करोगासाठी अमेरिकेत २०१५ मध्ये मान्य झाले.

इकडे सह्याद्रीत मात्र नरक्यावर कुऱ्हाड आली. वाळल्या लाकडात हे द्रव्य हजारात एखाददुसरा भाग, त्यामुळे झाडेच्या झाडे तोडून, तुकडे करून, पोती भरून चोरट्या वाटेने परदेशी गेली. संकटातल्या वनस्पतींत आज नरक्याची गणना होते. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात झाड न तोडता त्याच्या पेशी काचपात्रात वाढवून द्रव्य मिळवण्याचे प्रयोग झाले आहेत. महाबळेश्वरच्या बाजूपासून वरंध घाट, आणि पुढे तोरणा-राजगडामागच्या घाटमाथ्यापर्यंत जिथे दाट रान शिल्लक आहे, तिथे हे झाड असते. फार उंच नाही. पावसाळ्यात त्याला बारीक पिवळसर फुलांचे घोस येतात, आणि त्यांचा वास असा, की नाव विचारावे लागत नाही.